मीठ ज्याचं त्यानं

हे सगळं घडलं ते एकोणीसशे चौऱ्याण्णव साली. सुरतेच्या प्लेगच्या बातम्या ऐकून लोकांनी तोंडाला रुमाल बांधले आणि दिवाळीचा फराळ खायला सोडले, ते वर्ष. मोबाइल कुणी पाहिलेला नव्हता, पेजर येणार येणार असं नुसतं ऐकू येत होतं, आणि डोंबिवलीत घरी टेलिफोन लागला की शेजाऱ्यांना पेढे देत असत. पेढे खाल्लेले शेजारी मग आपल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन टाकत, तो भाग वेगळा. अशा दिवसांत मालन केणे हिने तीन गावांत तीन कॉम्प्युटर बसवून त्यांना तारेशिवाय एकमेकांकडून शिकायला लावायचं मनावर घेतलं होतं.

मालन आयरे गावची. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती मोडून चाळी बांधल्या, आणि ही ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होती. पोरगी काय करते असं कुणी विचारलं, की तिची आई सांगे, "रेडियोची मास्तरीन हाय. पन गानी लावीत नाय."

तिला मार्गदर्शन करणारे बाबुराव टिपणीस सर कल्याणला खाडीच्या बाजूला राहत. बुद्धी तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. कुठलाही अवघड विषय ते शेवटी जेवणाच्या ताटात आणून सोडत. मालनचा विषय त्यांनी कॉलेजातल्या सगळ्यांना असाच समजावला होता.

ठाण्याहून डोंबिवलीला रेडिओने निरोप धाडायचा, तर मध्ये पारसिकचा डोंगर आडवा. कधी लहर डोंगरावरून वाकून बरोबर पोचते, कधी मध्येच विरते. दुसरी वाट खाडीच्या पाण्यावरून कल्याणला जाऊन तिथून डोंबिवलीला वळायची. ती लांबची आणि रेंगाळणारी, पण भरवशाची. केव्हा कुठली वाट धरावी, हे माणसाने न सांगता कॉम्प्युटरने अनुभवातून शिकायचं, असा मालनचा उद्योग होता. त्यातही गंमत अशी, की शिकणारा कॉम्प्युटर एक नव्हता. तीन ठिकाणचे तीन आपापल्या गच्चीवर जे ऐकू येईल त्यावरून शिकणार, आणि सगळी मोजमापं एकमेकांना न पाठवता शिकलेल्याचं तेवढं सार पाठवणार. कारण रेडिओची वाट अरुंद, तिच्यावरून पोती जात नाहीत, पुड्या जातात.

"तीन जावा वेगळ्या राहतात," टिपणीस सर सांगत. "तिघींनी आपापला मसाला केला. आता एकमेकींना मिरच्यांची पोती धाडायची का? नाही. प्रमाण धाडायचं! तिघींच्या प्रमाणांची सरासरी काढायची आणि ते सुधारलेलं प्रमाण तिघींनी वापरायचं. पुन्हा करायचा, पुन्हा चाखायचा. वर्षभराने तिघींच्या हाताला एकच चव."

"सर, आमच्या आईला तुम्ही ओळखत नाही," चंदू नाखवा म्हणे. "मसाल्याचं प्रमाण ती सख्ख्या बहिणीला सांगत नाही. सून आली तरी सांगणार नाही म्हणते."

"मग तुझ्या घरात संशोधन होणे नाही."

हा चंदू मालनच्याच कॉलेजात शिकवणारा, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. हौशी रेडिओवाल्यांचं लायसन्स त्याच्याकडे आधीपासून होतं. मालनला मोर्सचं कट्‌कट् कडकट् शिकवून तिलाही त्याने ती परीक्षा द्यायला लावली. ठाण्याचं केंद्र त्याच्या घरी होतं, कल्याणचं टिपणीस सरांच्या, आणि डोंबिवलीचं मालनच्या काळूराममामांच्या कारखान्यात. मामांनी एमआयडीसीत स्वतःच्याच विकलेल्या जमिनीवर गाळा घेऊन डायऱ्यांची प्लॅस्टिकची कव्हरं करायचा धंदा टाकला होता. हिशेबासाठी त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, आणि गाळ्यावरची पाण्याची टाकी चांगली उंच. मालनला दोन्ही हवं होतं. अडचण एकच होती. कॉम्प्युटरवर आठवडाभर हिशेबनीस बसे. तेव्हा मामांनी भाचीला शुक्रवार दिला.

डोंबिवलीच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. मामा त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लावत, मामी संतोषीमातेचे गूळ-चणे घेऊन येई, आणि मालन पोटमाळ्यावर कॉम्प्युटरसमोर बसून चणे खात मोजमापं घेई. वर्षभर हा परिपाठ चालला. शुक्रवारची मोजमापं, शुक्रवारचं शिकणं, शुक्रवारी तिघांच्या साराची अदलाबदल. आकडे असे सुरेख येत, की टिपणीस सर ते भिंतीवर लावून ठेवत.

सगळं झकास होतं, फक्त पुण्याचे डॉक्टर शेणॉय खूश नव्हते. मालनचं काम तपासायला विद्यापीठाने नेमलेले हे परीक्षक. त्यांनी अहवालाच्या समासात लिहिलं होतं, की तिन्ही ठिकाणची मोजमापं फ्लॉप्यांत भरून एका माणसाने एका जागी का आणू नयेत? एकच मोठा कॉम्प्युटर सगळं शिकेल. तीन छोट्यांचा हा संसार कशाला? प्रत्यक्ष चालवून दाखवा, नाहीतर विषय बदला.

नोंदणीची मुदत त्या वर्षाअखेरीला संपत होती. विषय बदलायचा म्हणजे पाच वर्षं खाडीत. मालन वरून हसत होती, पण त्या दिवसांत तिचं जेवणाकडे लक्ष नसे. आई म्हणे, "येवढा कसला तो घोर? रेडियो तर रेडियो. नाय वाजला तर दुसरा घेऊ."

प्रात्यक्षिक नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ठरलं. शेणॉय ठाण्याला चंदूच्या घरी बसून मनाला येईल तो निरोप टाइप करणार, तो कुठल्या वाटेने धाडायचा हे यंत्राने ठरवायचं, आणि डोंबिवलीला मालनच्या पडद्यावर तो उमटला की झालं. आयत्या वेळी पुण्याहून फोन आला की शुक्रवारी घरी पाहुणे आहेत, मंगळवारी येतो. टिपणीस सरांनी मालनला विचारलं, मंगळवार चालेल ना? मालनने मामांना विचारलं. मामा म्हणाले, हिशेबनिसाला एक दिवस घरी बसवतो, त्यात काय! कॉम्प्युटर मोकळा झाला म्हणजे सगळं जमलं, असंच सगळ्यांना वाटलं. एवढी शिकलेली तीन माणसं, पण मंगळवार आणि शुक्रवार यांत आणखी काही फरक असतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मंगळवारी मालन गाळ्यात शिरली, तर तिला तो ओळखूच येईना. डायऱ्यांचा हंगाम ऐन भरात. निळ्या, मरून, हिरव्या प्लॅस्टिकचे ढीग, आणि यंत्रांसमोर ओळीने बसलेल्या बाया. पेडलवर पाय पडला की वरचा साचा खाली येई, यंत्र गुंऽऽ करी, आणि कव्हराची शिवण वितळून चिकटे. धप्प, गुंऽऽ, धप्प, गुंऽऽ.

"बघ, जत्रा हाय जत्रा!" मामा अभिमानाने म्हणाले. "तू एरवी सुतकातला कारखाना बघतेस."

मालन हसत पोटमाळ्यावर गेली, सेट सुरू केला आणि चंदूच्या आवाजाची वाट बघत बसली. सेटमधून नुसतं खर्रर्र. तिला वाटलं, वायर सुटली. टाकीवर चढून ॲंटेना हलवून आली, सांधे तपासले. खाली येते तोच एक आवाज घुसला. खणखणीत, पलटणीतला.

"डोंबिवली, डोंबिवली, विठ्ठलवाडी बोलतोय. ठाणे तुला हाका मारून दमलं. झोपलीस का बेटा? ओव्हर."

हे धोंडीबा साळवी. सैन्याच्या सिग्नलमधून निवृत्त होऊन विठ्ठलवाडीला राहिलेले, आणि सकाळच्या चहापासून सेटला कान लावून बसणारे. रेडिओवर बोललेलं खासगी राहत नाही, ज्याच्याकडे सेट त्याला सगळं ऐकू जातं, आणि धोंडीबांना तर न बोललेलंही ऐकू जाई. मालन आणि चंदू एकमेकांशी जरा जास्त वेळ हवामानाबद्दल बोलतात, हे सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखलं होतं.

"काका, तुम्ही स्वच्छ ऐकू येताय. ठाण्याचं अक्षरसुद्धा येत नाही. ओव्हर."

"ठाण्याला तू ऐकू येतेस. त्यांचं तुझ्याकडे पोचत नाही. ठाणे म्हणतंय, पाहुणे खोपटला पुण्याच्या एसटीतून उतरले, चंदूने स्कूटरवरून आणले, तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि निरोप केव्हाच धाडला. मिळाला का? ओव्हर."

पडदा कोरा होता.

"नाही. यंत्राने कुठली वाट धरली विचारा. ओव्हर."

जरा वेळाने उत्तर आलं. "डोंगरावरची सरळ वाट. यंत्र म्हणतंय, झकास आहे, शंभरातले पंच्याण्णव मार्क. निरोप पोचत नाही, तरी पुन्हा तिथूनच धाडतंय. चंदू म्हणतो, असला हट्टी विद्यार्थी त्याने कॉलेजातसुद्धा पाहिला नाही. आणि पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. ओव्हर."

मालन सेटच्या अगदी जवळ कान नेऊन बसली. खर्रर्र थांबे, पुन्हा सुरू होई. त्याला एक ठेका होता. तो कुठेतरी ऐकलाय असं तिला वाटलं, आणि तिने कठड्यावरून खाली पाहिलं. शेवंतीबाईंचा पाय पेडलवर पडला, सेट खर्रर्र करून उठला. पाय उचलला, सेट निवला. शेजारणीचा पाय पडला, पुन्हा खर्रर्र.

"मामा!" ती वरूनच ओरडली. "त्या मागच्या चाळीतली माणसं तुमच्याकडे कसली तक्रार घेऊन यायची हो?"

"ती? टीव्हीवर रेघा येतात म्हनून बोंब मारतान. तुमची मशीन चालू झाली की सिरियल दिसत नाय म्हनतान. मी त्यांना बोललो, शुक्रवारी बघा!"

मालनने कठडा सोडला आणि कोऱ्या पडद्याकडे पाहिलं.

ती तक्रार तिने वर्षभर ऐकली होती, गूळ-चणे खाता खाता हसलीही होती. शुक्रवारी बघा. तिच्या कॉम्प्युटरने दुसरं काय केलं होतं? त्याने जन्मात मंगळवार पाहिला नव्हता. त्याच्या लेखी डोंबिवली म्हणजे शांत, निवांत खेडं, जिथे डोंगरावरून आलेली कुजबुजही ऐकू येते. आणि हे त्याने एकट्याने मनात ठेवलं असतं तर निदान बाकीचे वाचले असते. पण दर शुक्रवारी सरासरी काढून तिने तेच ठाण्याच्या आणि कल्याणच्या डोक्यातही भरलं होतं. तिघंही आता एका सुरात चुकत होते.

मामा जिना चढून वर आले. भाचीचा चेहरा त्यांनी पाहिला. "मशीनचा तरास होतंय का? मग बोल ना पोरी!" खाली वाकून त्यांनी टाळी वाजवली. "ए, बंद करा रे सगली! हात मांडीवर घ्या. शुक्रवार आला समजा!"

एकेक यंत्र थांबलं. गाळ्यात शुक्रवारची शांतता पसरली. आणि पुढच्याच क्षणी मालनच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, इंग्रजी लिपीत पण मराठीत: नमस्कार डोंबिवली, शेणॉय.

पाठोपाठ चंदूचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा. "मालन! पोच मिळाली! पोचलं ना? शेणॉय सर व्हेरी गुड म्हणाले! फक्त उत्तर धाड, की झालं. ओव्हर!"

फक्त उत्तर धाडायचं होतं. बोटं कळांवर होतीच. मामा डोळ्यांनी विचारत होते, झालं ना? खाली बाया हात मांडीवर घेऊन वर बघत होत्या, जणू मालनचा साखरपुडा चाललाय. कुणालाही कळलं नसतं. शेणॉय संध्याकाळी पुण्याला गेले असते, मुदतीच्या आत शिक्का बसला असता, आईने गावात पेढे वाटले असते.

आणि मग? मालनला आपलं हसू आलं. कारखाना बंद ठेवला तर चालणारा रेडिओ! असला रेडिओ घेऊन डोंबिवलीने करायचं काय? इथे आठवड्यातून सहा दिवस कुणाचा ना कुणाचा पाय पेडलवर असतो.

"चालू करा मामा."

"अगो पन तो काय बोलंल, पुन्याचा?"

"बोलू दे. चालू करा."

धप्प, गुंऽऽ सुरू झालं. चंदूचा आवाज वाक्याच्या मध्येच खर्रर्रमध्ये बुडाला. मालनने माइक घेतला. तिला ठाण्याचं ऐकू येणार नव्हतं, पण तिचं ठाण्याला जाणार होतं. ती एका दमात बोलली, की सर, निरोप पोचला तो मामांनी यंत्रं बंद केली म्हणून. इथे प्लॅस्टिक चिकटवायची यंत्रं चालतात, त्यांचा रेडिओत गोंगाट येतो. आम्ही वर्षभर फक्त शुक्रवारी मोजलं, शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून आमच्या कॉम्प्युटरला गोंगाट माहीतच नाही. आत्ता यंत्रं पुन्हा चालू आहेत आणि तुमचं मला काही ऐकू येत नाही. ओव्हर.

उत्तर म्हणून खर्रर्र. मग धोंडीबा आले, जरा हळू आवाजात.

"बेटा, हे ठाण्याने सगळं ऐकलंय बरं का. माघारी घ्यायचं म्हटलं तर आता जमायचं नाही. ओव्हर."

"माघारी नाही घ्यायचं काका. काय म्हणतात ते सांगा. ओव्हर."

"चंदू म्हणतो, सर खिडकीतून खाडीकडे बघतायत." मालनने सेटचा आवाज वाढवला. "हां. आता म्हणाले. पुण्याची गाडी संध्याकाळी आहे आणि बोंबील आत्ता चुलीवर चढलेत, तोवर त्यांना कसलीही घाई नाही. यंत्रं चालू ठेवूनच करून दाखवा म्हणाले. ओव्हर."

कल्याणहून टिपणीस सरांचा आवाज आला. कल्याण जवळ, त्यामुळे गोंगाटातूनही तो येत होता. "मालन, मी टिपणीस. मूर्ख आपण तिघंही आहोत, त्याची वाटणी नंतर करू. आधी उपाय बोल. ओव्हर."

उपाय काय? दिवसभर डोंबिवलीच्या यंत्राला मंगळवार शिकवता येईल. पण ते शिकलेलं पुन्हा सरासरीत घातलं, की दोघांच्या शांततेत एकाचा गोंगाट पातळ होऊन जाणार. नाहीतर उलटं होणार, ठाण्याच्या खाडीवरही उगाच गोंगाट आहे असं ठाणं समजून बसणार. मालन कठड्याला टेकून खाली बघत होती. मामीने पाठवलेला डबा मामांनी शेजारी आणून ठेवला होता, कोळंबीचं कालवण आणि भात. तिने एक घास घेतला, आणि सवयीने कोपऱ्यातली मिठाची पुडी उघडली. मामा ब्लडप्रेशरवाले. त्यांच्या घरचं कालवण अळणी असायचं, ज्याने त्याने वरून घ्यायचं.

घास तोंडातच ठेवून तिने माइक उचलला.

"सर, आपण मसाल्याचं प्रमाण वाटलं ते बरोबर. पण त्याच्याबरोबर मीठही वाटत बसलो! मीठ नसतं वाटायचं. मीठ ज्याचं त्यानं, आपल्या पातेल्यात, आपल्या घरचं तोंड बघून घालायचं. डोंगर, भरती, हवा हे तिघांचं सामाईक, त्याची सरासरी काढू. पण आपल्या दाराशी किती गोंगाट आहे, हे ज्याचं त्याने स्वतःजवळ ठेवायचं. निरोप धाडणाऱ्याने वाट धरायच्या आधी पोचायचंय त्याला विचारायचं, बाबा, आज तुझ्याकडे मीठ किती? ओव्हर."

टिपणीस सर काही बोलायच्या आत धोंडीबा घुसले. "ब्रेक, ब्रेक. ठाण्याहून चंदूच्या आई, चंद्रभागाबाई म्हणतात, त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो: मसाल्यात मीठ घालायचा येडेपना कोन केला, त्याचं नाव सांगा. ओव्हर."

"टिपणीसांचं सांगा," सर म्हणाले. "उदाहरण माझं होतं. ओव्हर."

मग प्रोग्रॅम बदलायची जी काही धमाल उडाली, तिची गोष्ट पुढे मुंबईभरचे रेडिओवाले कैक वर्षं सांगत. मालनने पोटमाळ्यावर बसून प्रोग्रॅमची नवी ओळ लिहायची, माइकवर वाचायची, ती ठाण्यात चंदूने आणि कल्याणात सरांनी उतरवून घ्यायची. मालनचं सगळ्यांना ऐकू जाई, पण चंदूची शंका तिच्यापर्यंत यायची ती धोंडीबांच्या तोंडून, पलटणी थाटात.

"ठाणे विचारतंय, तू कंस उघडलास तो बंद कुठे केलास? ओव्हर."

"पुढच्या ओळीत. ओव्हर."

"ठाणे म्हणतंय, पुढच्या ओळीत दुसराच उघडलाय. बेटा, आमच्या पलटणीत उघडं दार असं टाकून गेलं की पहारेकऱ्याला शिक्षा व्हायची. ओव्हर."

खाली चहा झाला, बाया चहा पिऊन पुन्हा बसल्या, डायऱ्यांची मरून कव्हरं संपून हिरवी लागली. मामा मधूनच वर येऊन पडद्याकडे बघत आणि काही कळल्यासारखी मान हलवून जात. डोंबिवलीचं यंत्र तेवढ्या वेळात एकटंच मंगळवार शिकत होतं.

ठाण्याहून निरोप सुटला तेव्हा दुपार कलली होती. मालनने पडद्यावर डोळे लावले. पडदा कोरा. धोंडीबा म्हणाले, "ठाणे म्हणतंय, मीठ किती ते डोंगरावरूनच विचारलं, उत्तर आलं नाही, आणि निरोपही सरळच गेला. जुनी खोड. ओव्हर."

मामांनी न विचारता टाळीसाठी हात वर केले. मालनने त्यांचे हात धरले.

"थांबा मामा. एकदा ठेच लागू दे त्याला. त्याशिवाय शिकत नाही ते."

ठेच लागली. पोच आली नाही, तशी ठाण्याच्या यंत्राने कल्याणमार्फत डोंबिवलीला पुन्हा विचारलं, डोंबिवलीने आपला गोंगाट सांगितला, आणि पुढचा निरोप डोंगराकडे न वळता खाडीच्या पाण्यावरून कल्याणला गेला. टिपणीस सर माइकवर ओरडलेच, ओव्हर म्हणायचं विसरून: "इथे आला! माझ्याकडे आला! चालला तुझ्याकडे!" खाली धप्प, गुंऽऽ पूर्ण भरात होतं. आणि त्या सगळ्या गदारोळात मालनच्या पडद्यावर सावकाश, दम घेत घेत अक्षरं उमटली:

बोंबील उत्तम. मीठ बरोबर. शेणॉय.

मालनने कठड्यावरून वाकून ते मोठ्याने वाचून दाखवलं. बायांना निम्मं कळलं नाही, तरी सगळ्या हसल्या. शेवंतीबाई म्हणाल्या, "आमच्या पायानं येवढं सगलं झालं?"

"तुमच्याच पायाने," मालन म्हणाली.

शेणॉयांनी मात्र सोडलं नाही. जायच्या आधी ते चंदूच्या माइकवर आले आणि धोंडीबांनी त्यांचं म्हणणं पोचवलं. प्रबंध असा मान्य होणार नाही. मोजमापांचं अख्खं प्रकरण रद्द. आठवड्याचे सगळे वार, तिन्ही ठिकाणी, पुन्हा मोजा. पण विषय बदलायचा नाही. मोठ्या कॉम्प्युटरचं समासातलं वाक्य त्यांनी मागे घेतलं, कारण फ्लॉपीत भरून मीठ आणलं असतं तर ते सगळ्यांच्याच पातेल्यात पडलं असतं. एक वर्षाची मुदतवाढ मिळावी असं ते स्वतः विद्यापीठाला लिहिणार होते.

त्यांनी लिहिलं, आणि मुदत मिळाली. मामांनी नवा कॉम्प्युटर हिशेबनिसाला घेऊन दिला आणि जुना भाचीला. मालनने वर्षभर सोमवार ते रविवार मोजलं. शुक्रवारचे गूळ-चणे तेवढे चालू राहिले. शहाण्णव साली ती डॉक्टर मालन झाली. पुढे कितीतरी वर्षांनी, ती निवृत्त व्हायच्या सुमारास, परदेशात हेच काम मोठ्या नावाने सुरू झालं. सार वाटायचं, मोजमापं घरीच ठेवायची, आणि ज्याचा त्याचा थोडा भाग ज्याच्या त्याच्याकडेच राहू द्यायचा. तिच्या विद्यार्थ्यांनी ते निबंध आणून दिले. तिने चष्मा लावून वाचले, आणि यांच्याकडेही शुक्रवार असणार, शोधा, एवढंच म्हणाली.

टिपणीस सर शेवटपर्यंत कल्याणलाच राहिले. मसाल्याचं उदाहरण त्यांनी सोडलं नाही, फक्त त्यात मिठाची भर घातली आणि ते आपल्यालाच सुचलं असं सांगू लागले. शेणॉय दर हिवाळ्यात काही ना काही निमित्त काढून ठाण्याला येत, आणि ते निमित्त बोंबील आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. काळूराममामांचा डायऱ्यांचा धंदा बसला, पण त्याच पेडलच्या यंत्रांवर त्यांच्या मुलाने पुढे मोबाइलची कव्हरं काढली आणि बापापेक्षा जास्त कमावलं. मागच्या चाळीत केबल आली, तशी रेघांची तक्रार आपोआप मिटली. शेवंतीबाई मुलाबरोबर बदलापूरला राहायला गेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला आपण एका मुलीला डॉक्टर केल्याचं सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

मालन आणि चंदू यांनी लग्न ठरवलं, ते दोन्ही घरी कळायच्या आत धोंडीबांनी विठ्ठलवाडीहून जाहीर केलं, आणि पार्ल्यापासून कर्जतपर्यंतच्या रेडिओवाल्यांनी माइकवर अभिनंदन केलं. लग्नात धोंडीबा पलटणीचा कोट घालून आले होते. दोन हजार तीन साली त्यांचा आवाज थांबला. त्यांची ती सकाळची वेळ रेडिओवर कैक महिने कुणी घेतली नाही, सवयीने मोकळी सोडत.

चंद्रभागाबाईंनी म्हटल्याप्रमाणे सुनेला मसाल्याचं प्रमाण सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात डबा भरून देत, प्रमाण नाही. अगदी शेवटच्या आजारात त्यांनी मालनला जवळ बोलावलं आणि कानात सगळं सांगितलं. मिरच्या इतक्या मुठी, धणे इतक्या मुठी, आणि बाकीचं किती किती ते. मालनने त्याप्रमाणे केलं, चव जमली नाही. तिची मूठ लहान होती. चंदूने आपल्या मुठीने करून पाहिलं, तेही जमलं नाही. आता दोघं दर उन्हाळ्यात मुठी बदलून बदलून बघतात, चाखतात, पुन्हा करतात. चंदूच्या मते दरवर्षी थोडं जवळ येतंय.